गुरुवारचे सभासद

रहिमतपूर,
ता. २० ऑक्टोबर १९४६

प्रिय गंगाधर यास,
विष्णूचा सप्रेम नमस्कार.

ठक्, ठाक, ठाक. ठक्, ठाक, ठाक.

ओळखलास का हा आवाज? काल संध्याकाळी आपल्या जुन्या शाळेत सुतारानं मधल्या फळ्यांच्या भिंतीवर हातोडी वाजवून पाहिली. कुठली फळी किडली आहे, कुठली शाबूत आहे, एवढंच त्याला बघायचं होतं. पण माझ्या डोक्यात एकदम साठ वर्षांपूर्वीचा वर्ग भरला. भिंतीच्या अलीकडे तिसरीत मी, पलीकडे चौथीत तू. गुरुजींना दुपारची पेंग आली की तू बोटाच्या पेरांनी फळीवर भुजंगप्रयाताचा ठेका धरायचास, एक लघू, दोन गुरू. मग मी फळीला तोंड लावून हळूच म्हणायचो,

उन्हाळ्यात ओढा जरी आटलेला

आणि पलीकडून, लाकडाच्या वासासकट, तुझा आवाज यायचा,

तरी वाळुपोटी झरा जागतो गा

गुरुजींनी स्वतः रचलेली कविता ती. कुठं छापली नाही, कुणी उतरवून घेतली नाही. आता जगात आपल्या दोघांनाच येत असेल, आणि तीही अर्धी अर्धी. तुझी ओळ मला पाठ आहे रे, पण ती माझ्या तोंडून निघत नाही. निघाली तर पलीकडे कोणी नाही असं कबूल केल्यासारखं होईल.

असो. बातमी अशी की शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून ही जुनी जागा पडून होती. कोणी कडबा टाकायचं, कोणी शेळ्या बांधायचं. आता गावानं ठरवलं आहे की दुरुस्त करून ती सगळ्यांना वापरायला द्यायची. भजनी मंडळाला, लेझीमवाल्यांना, बायकांच्या शिवणवर्गाला, लढाईवरून परतलेल्या शिपायांच्या मंडळाला. समितीचे अध्यक्ष नानासो. माझाच विद्यार्थी. हिशेबात पहिला, कवितेत दगड. मी चिटणीस, कारण अक्षर बरं.

सिमेंट परमिटाशिवाय मिळत नाही, म्हणून ओढ्याकाठी चुन्याची घाणी चालू केली आहे. बैल दिवसभर गोल फिरतो. मीही बऱ्याचदा तिथंच बसतो, कारण घरी बसून तरी काय करायचं? घर म्हणजे दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि तुझ्या वहिनीची तुळस. ती मात्र अजून जगली आहे.

फळ्यांची भिंत काढायची ठरली आहे. सगळ्यांना एक मोठी खोली हवी. मी विरोध केला नाही. काय सांगून करणार होतो?

पुढच्या महिन्यात काम संपेल. मिरजेला गाडी बदललीस की थेट रहिमतपूर. ये ना.

तुझा,
विष्णू


सांगली,
ता. ४ नोव्हेंबर १९४६

प्रिय विष्णू यास,
स. न. वि. वि.

तू साठ वर्षं म्हणतोस. मी मोजत नाही. मोजलं की गुडघे दुखतात.

भिंत काढतात तर काढू देत, पण माझी फळी तेवढी वाचव. चौकटीपासून तिसरी. तिच्यावर डोळ्यासारखी गाठ आहे. मी तिच्यावरच ठोके द्यायचो, आणि गुरुजी जागे झाले की त्या गाठीकडे बघून निरागस चेहरा करायचो.

इथं सगळं क्षेम. चिरंजीव कचेरीत, नातवंडं शाळेत. सकाळी चहाबरोबर सूनबाई चारुलता वर्तमानपत्र वाचून दाखवते. मला आयतं ऐकायची सवय लागली आहे. संध्याकाळी घाटावर जाऊन बसतो, कृष्णेचा आवाज ऐकतो, अंधार पडायच्या आत परत येतो.

येणं सध्या जमायचं नाही. का, ते विचारू नकोस. म्हातारपणाला कारणं द्यावी लागत नाहीत, एवढी एकच सवलत त्यात आहे.

पण मला एक सांग. भजनाला मंडळ, लेझमीला मंडळ, शिवणाला वर्ग. मग कवितेनंच काय घोडं मारलं आहे? चिटणीस आहेस ना? माग एक वार. आणि कोण कोण येतं, कोण काय म्हणतं, ते मला सविस्तर कळव. त्या पत्रांवर माझा हिवाळा निघेल.

तुझा,
गंगाधर


रहिमतपूर,
ता. १३ डिसेंबर १९४६

प्रिय गंगाधर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझी आज्ञा शिरसावंद्य. गुरुवार मिळाला!

जागा ओळखू येणार नाही इतकी उजळली आहे. कौलं नवी, भिंतींना चुना, दक्षिणेच्या बाजूला शिवणवर्गासाठी मोठी खिडकी. जमिनीवरून मात्र महाभारत झालं. भजनी मंडळ म्हणालं, "फरशी नको. मांडी गारठते, अभंग सुचत न्हाई. सारवलेलीच बरी." लेझीमवाले म्हणाले, "सारवलेल्यात पाय रुततोय, ताल चुकतोय." नानासोंनी दोघांकडे बघून फर्मान काढलं, "निम्मी फरशी, निम्मं शेण. आता गप ऱ्हावा." तशीच जमीन केली. खोलीच्या मधोमध, जिथं आपली भिंत होती, तिथंच आता ती रेघ आहे.

तुझी फळी वाचवली. सुतार चुलीत घालायला निघाला होता. बाहेर दाराशेजारी दोन दगडांवर ती टाकून बाक केला आहे. गाठ वरच्या अंगाला ठेवली आहे.

प्रत्येक मंडळाला एक खुंटी दिली आहे. भजनाच्या खुंटीला मृदंगाची खोळ, लेझीमवाल्यांच्या खुंटीला लेझमी, शिवणवर्गाच्या खुंटीला कापडाची पिशवी. कवितेच्या खुंटीला काय अडकवायचं? मी छत्री अडकवतो.

दाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर मी बालबोधात सुंदर नोटीस लिहिली: "दर गुरुवारी सायंकाळी कवितावाचन. सर्वांना मुक्त प्रवेश." काल पहिला गुरुवार झाला. आठदहा मंडळी होती. शिवणवर्गाच्या सुलाबाई आल्या होत्या, टपालवाला अर्जुना होता, आणि नाथाजी म्हणून एक पैलवान आहे, नुकताच इटलीच्या लढाईवरून परतलेला, तोसुद्धा. मी पहिली ओळ म्हटली तेव्हा इतकी शांतता होती, की वातीचा आवाज ऐकू यावा.

एक मास्तरकीचं बोलू का? तुझं अक्षर फार मोठं झालं आहे. ओळीत चार शब्द मावत नाहीत, ओळीही चढावर निघाल्या आहेत. चौथीत तुला अक्षराचं बक्षीस होतं ना? लाज राख.

तुझा,
विष्णू


रहिमतपूर,
ता. २८ डिसेंबर १९४६

ती. स्व. विष्णुपंत मास्तर यांस,
नानासोचा दंडवत.

तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही म्हणून लिहितो. काय चुकलं तर पोटात घाला.

मास्तर, तुमचे तीन गुरुवार झाले. तिन्ही गुरुवारी मी मळ्यातनं येताना डोकावलो. तुमी एकलेच. दिव्याम्होरं बसून कविता म्हनताय. भाईर फळीवर नाथाजी पाठ करून बसलेला असतोय, पन त्याचं काय सांगावं? लढाईवरनं आल्यापासनं तो कुनाशीच बोलत न्हाई. शिपायांच्या मंडळात सुदिक जात न्हाई. त्याला काय सभासद म्हनत न्हाईत.

रॉकेल रेशनचं हाय. लोक मला इचारत्यात, एका मानसापायी बत्ती का जाळायची? लेझीमवाल्यांस्नी आनि एक वार पायजे हाय. समितीत ठरलंय की ज्या मंडळाला पाच मानसं न्हाईत, त्याचा वार दुसऱ्याला द्यायचा. मी भांडून फेब्रुवारीअखेरपातूर मुदत घेतलीय. सत्तावीस तारखेचा गुरुवार शेवटचा. त्या दिशी पाच मानसं दिसली तर गुरुवार तुमचा, न्हाई तर मग माझा विलाज न्हाई.

भजनवाल्यांनी घरटी सुपारी फिरिवली, लेझीमवाले दारोदार हिंडले. तुमी काय केलं, तुमचं तुमास ठावं.

राग मानू नये. तुमच्या छड्या अजून ध्यानात हायत.

आपला,
नानासो


रहिमतपूर,
ता. १० जानेवारी १९४७

प्रिय गंगाधर यास,
सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाचं पहिलं पत्र जरा उशिरा. मंडळाच्या व्यापातून सवड होत नाही बघ.

समितीला मात्र आमची भरभराट बघवत नाही. नानासोंनी मला सुचवलं की मी सुपारी घेऊन दारोदार हिंडावं. चाळीस वर्षं गावाला शिकवलं आणि आता कवितेसाठी या हो, या हो, अशी भीक मागू? फळ्यावर स्वच्छ लिहिलं आहे. ज्याला ओढ आहे तो येईल. येतातच की.

कालच्या गुरुवारचं सांगतो. नाथाजीनं म्हणून दाखवलं! हो, त्या पैलवानानं. मान खाली, हात मांडीवर, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. आधी ठेका धरला, अगदी तुझ्यासारखा, आणि मग पहिला चरण. सुलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अर्जुना टपालवाला म्हणाला, "मास्तर, आजवर लोकांची पत्रं वाटली, आज माझं पत्र मला मिळालं." काय माणसं आहेत! परत जाताना सगळे दारात रेंगाळले, कोणाचा पाय निघेना.

मग मी बत्ती मालवली, खुंटीवरची छत्री घेतली आणि घरी आलो. पाऊस नाही, ऊन नाही, तरी छत्री नेतो. हातात काहीतरी असलेलं बरं असतं.

तू का येत नाहीस? तुझी जागा मी रेघेपलीकडे ठेवली आहे, फरशीच्या बाजूला. कोणी तिथं बसत नाही.

तुझा,
विष्णू


सांगली,
२१ जानेवारी

विष्णू,
पत्र पोचलं.
पुन्हा पुन्हा ऐकलं.
नाथाजी फार आवडला.
त्याला माझी ओळ
शिकव.
गं.


रहिमतपूर,
ता. ३१ जानेवारी १९४७

गंगाधर यास,
नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. कार्ड कसलं, दुकानावरची पाटी! अख्ख्या कार्डात पाच ओळी, त्याही एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. मी दिव्याखाली चार चार पानं लिहावीत आणि तू चालत्या टांग्यातून लिहिल्यासारखं काहीतरी खरडून पेटीत टाकावंस. घरात भरलं गोकुळ असलेल्या माणसाला एकट्या माणसाच्या पत्रांचं ओझं होत असेल, मला समजतं. तसं असेल तर सांग. मी थांबेन.

तुझी ओळ मी कुणाला शिकवणार नाही. ती तुझी आहे. तू ये आणि म्हण.

विष्णू


सांगली,
ता. १२ फेब्रुवारी १९४७

ती. स्व. विष्णुपंत काका यांस,
चारुलतेचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली ओळख नाही, पण आपली सगळी पत्रं माझ्या तोंडची आहेत. मामंजींना मीच ती वाचून दाखवते. शेवटचं पत्र वाचताना मी मध्येच थांबले, तर ते म्हणाले, "पुढे वाच. मास्तर रागावला की खरा असतो." नंतर मात्र दिवसभर जेवले नाहीत. म्हणून त्यांना न सांगता हे लिहीत आहे.

काका, मामंजींना दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून कमी होत होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि आता उपाय नाही म्हणाले. कार्तिकापर्यंत मोठी अक्षरं दिसायची, आता उजेड नि अंधार तेवढा कळतो. तुम्हाला लिहायचं म्हटलं की माझा हात घेत नाहीत. "विष्णूला माझं अक्षर ठाऊक आहे," म्हणतात. कार्डाच्या कडेला अंगठा धरून, अंदाजानं एकेक अक्षर काढतात. त्या पाच ओळींच्या कार्डाआधी चार कार्डं वाया गेली होती.

घरात आम्ही सगळे आहोत, पण ज्याच्या त्याच्या कामात. जुनं पुस्तक हातात घेऊन ते नुसती पानं चाळत बसतात. तुमचं पत्र आलं की मात्र पाटावर नीट बसून ऐकतात. परवा म्हणाले, "मला आता वाचता येत नाही, पण विष्णूच्या मंडळात कुणीतरी म्हणेल आणि मी ऐकेन. तिथं मला डोळे लागणार नाहीत." त्यांनी हट्टच धरला आहे. सत्तावीस तारखेच्या गुरुवारी येतो म्हणतात. मिरजेपर्यंत हे पोचवायला जातील आणि रहिमतपूरच्या गाडीत बसवून देतील. पुढचं काय, म्हणून मी विचारलं. स्टेशन गावापासून लांब, तुमचं वय झालेलं. तर हसून म्हणाले, "तिथं नाथाजी आहे ना!"

कालच बोरूनं एक कार्ड लिहून स्वतः चाचपडत जाऊन पेटीत टाकून आले. मला पत्ता बघू दिला नाही. तुम्हालाच असेल.

काका, त्यांना सांभाळून घ्या. इतके आनंदात मी त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही.

आपली,
चारुलता


रहिमतपूर,
ता. २० फेब्रुवारी १९४७, गुरुवार, सायंकाळ

प्रिय गंगाधर,

शाळेत, गुरुवारच्या दिव्यापाशी एकटा बसून हे लिहितो आहे. हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवतील. सूनबाई, मध्ये थांबू नका, आवाज बदलू नका. जसं आहे तसं वाचा.

गंगाधर, तुझ्या अक्षराला मी नावं ठेवली. चाळीस वर्षं पोरांची अक्षरं तपासली, पण अक्षर मोठं का होतं हे मला कळलं नाही. ते एक.

दुसरं सांगतो. मंडळ नाही.

मंडळ कधी नव्हतंच. पहिल्या गुरुवारी मी नवा धुतलेला सदरा घालून बसलो. बत्ती लावली, सतरंजी अंथरली, आणि कोणी आलं नाही. घरी जाऊन तुला लिहायला बसलो, तर 'कोणी आलं नाही' एवढंच वाक्य होतं. ते वाक्य चारपाच वेळा मनात लिहिलं. तुझा हिवाळा त्यावर कसा निघायचा? मग म्हटलं, आठदहा मंडळी होती. लिहिलं आणि खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शिवणवर्गाच्या सुलाबाई रस्त्यात दिसल्या तेव्हा मला त्या काल भेटल्यासारख्याच वाटल्या. त्या बिचाऱ्या मला नमस्कारापलीकडे ओळखत नाहीत. अर्जुना टपालवाल्याला कवितेचं काही पडलेलं नाही. नाथाजी तेवढा खरा, पण तोही बाहेर तुझ्या फळीवर पाठमोरा बसतो. त्याला बसायला एकांत हवा असेल. तो कुणाशी बोलत नाही. मीही त्याच्याशी कधी बोललो नाही. मी आत एकटा, तो बाहेर एकटा, मध्ये दार.

सूनबाईंचं पत्र आलं त्या रात्री मी काय केलं ठाऊक आहे? सांगायला लाज वाटते, पण तू हसशील म्हणून सांगतो. मनात आलं, गंगाधरला दिसणार तर नाही. सगळे आवाज आपणच काढू! सुलाबाईंचा बारीक आवाज काढून पाहिला. अर्जुनासारखा खोकलो. पैलवानासारखं बोलायला गेलो तर ठसका लागला आणि शेजारीण पाणी घेऊन धावत आली, "मास्तर, बरं न्हाई व्हय?" म्हणून.

नाही गंगाधर. शाळेत भिंतीपलीकडून मला कधी तू दिसला नाहीस, पण आवाजावरून तू हसतो आहेस की छडी खाऊन आला आहेस हे मला कळायचं. मग तुला कळणार नाही का?

म्हणून येऊ नकोस. सत्तावीस तारीख तशीही शेवटची आहे. त्यानंतर गुरुवार लेझीमवाल्यांना जाईल. एवढ्या लांबून, अंधारातून, तू एका रिकाम्या खोलीत येऊन बसशील आणि

थांब. दार वाजतं आहे.

ठक्, ठाक, ठाक.

गंगाधर, तोच ठेका.

*

पुढचं तासाभरानं लिहितो आहे. वरचं काही खोडत नाही, सगळं वाच. नाथाजी माझ्यासमोर सतरंजीवर बसला आहे आणि मी 'एवढं लिहून होऊ दे' म्हटलं म्हणून गप्प आहे. तो आत कसा आला तेवढं सांगतो.

त्या ठोक्यांनी मी ताडकन उठलो, शाई सांडली. वाटलं, तूच. एक आठवडा आधी, एकटा, चाचपडत आलास. दिवा घेऊन दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर हा. दार भरून उभा. फेटा काढून हातात धरलेला.

"आवं मास्तर," म्हणाला, "जरा इचारायचं हुतं."

मी या माणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मी लिहिलं होतं तसा तो मुळीच विहिरीतून येत नाही. चांगला मोकळा आहे.

त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढलं. शेंगदाण्याएवढी अक्षरं, ओळी चढावर निघालेल्या. लांबूनच ओळखलं.

"मला आजपातूर कुनाचं कारड आलं न्हवतं," तो म्हणाला. "फौजेत थोडं वाचाय शिकलो, पन बारीक लिवलेलं जमत न्हाई. ह्ये बघा, ह्ये कसं ठसठशीत लिवलंय. माझं मी वाचलं. कुनाला वाच म्हनावं लागलं न्हाई." आणि बोट फिरवत त्यानं मला वाचून दाखवलं, "'नाथाजी पैलवान यांस. तुम्ही गुरुवारच्या मंडळाचे सभासद. मला दिसत नाही. सत्तावीस तारखेला दुपारच्या गाडीवर मला न्यायला यावे. मास्तरांस सांगू नये. ते धावत येतील व पडतील.'"

मी कार्ड त्याच्या हातातून घेऊन दिव्याजवळ धरलं.

"सांगू नगा म्हनलंय," तो म्हणाला, "पन मी सभासद हाय का न्हाई, ह्ये तुमास्नीच इचाराय पायजे की."

"इतके दिवस बाहेर बसत होतास," मी म्हटलं, "मग आत का आला नाहीस रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला रीतभात कुणी शिकवलीच नाही.

"बोलिवल्याबिगर कसं यायचं?"

"फळ्यावर लिहिलं होतं की. सर्वांना प्रवेश."

"फळ्यावर लिवलं म्हंजी बोलावनं झालं व्हय? ती समद्यांची नोटीस. मरीआईची लस टोचायची असली तरी फळ्यावर लिवत्यात. बोलावनं घरी यावं लागतं, मास्तर. नाव घिऊन. सुलाबाई बी जाताजाता तेच म्हनत हुत्या, फळीवर बसून मी ऐकलं, मास्तर बोलिवत न्हाईत, पोरीबाळींनी कसं जावं म्हून. ह्ये कारड आलं. माझ्या नावानं. म्हून आज आलो."

गंगाधर, चाळीस वर्षं मी वर्गात एकेकाचं नाव पुकारून हजेरी घेतली. नाव पुकारल्याशिवाय पोर 'हजर' म्हणत नाही, हे मला कळायला हवं होतं.

"आणि हा ठेका?" मी विचारलं. "दारावर वाजवलास तो?"

"दर गुरवारी ऐकतोय की. तुमी वाजिवता, मी फळीवर वाजिवतो. तुमास्नी ऐकू येत नसंल. गावात ज्यो त्यो मला लढाईचं इचारतोय. किती मारलं, कसं मारलं. तुमी एकलेच वड्याचं बोलता. तेवढं बरं वाटतंय." मग लाजल्यासारखा, "पन मास्तर, वडा आटला हितपातूरच तुमी म्हनता. म्होरलं कवाच म्हनत न्हाई. घरला जाताना डोस्क्यात तेच फिरतंय. आटला, मग म्होरं काय?"

"पुढचं सांगलीला आहे," मी म्हटलं. "गुरुवारी येईल."

"तसं न्हवं," तो म्हणाला. "आटला तर आटला. वाळू उकरली की लागतंय पानी. आमी चैतात तसंच काढतो. ह्येच हाय का म्होरं?"

मी हातातला दिवा त्याच्याकडे दिला आणि दाराचं दुसरं कवाड उघडलं.

तू ये. माझं वरचं काही ऐकू नकोस, सत्तावीसला ये. उद्या सकाळी सुपारी घेऊन मी सुलाबाईंच्या दारात जाणार आहे, मग अर्जुनाच्या. नाव घेऊन बोलावणार आहे. पाच होतील की नाही ठाऊक नाही. तू, मी आणि हा धरून तीन नक्की.

तर तेव्हा दारातून मी बाजूला झालो. तो तरी तिथंच उभा, एक पाय तुझ्या फळीला टेकवून.

"मास्तर," म्हणाला, "आत यिऊ का?"

तुझा,
विष्णू